वीज बाजार, रोबो, कारखान्याचं नेटवर्क आणि शाश्वतता: नाशिकमधून संशोधन करू पाहणाऱ्यांचे प्रश्न

सातपूर-अंबडमधले लघुउद्योजक, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली मुलं, नोकरी सांभाळून पीएच.डी.चा विचार करणारे आणि निफाड-दिंडोरीकडचे काही द्राक्ष बागायतदार मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हे चार विषय एकत्र का? प्रत्येकाची शाखा तर वेगळी आहे.

कॉलेजात वेगळी आहे, कारखान्यात नाही. अंबडमधला एखादा प्रेस शॉप घ्या. पत्रा उचलून डायमध्ये ठेवणारा रोबो मेकॅनिकलवाल्यांचा, त्याला हुकूम देणारा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा, त्या दोघांमधली केबल आणि तिच्यावरचे संदेश इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे, आणि महिन्याचं वीजबिल इलेक्ट्रिकलवाल्यांचं. पण प्रेस संध्याकाळी सात वाजता चालवायचा की दुपारी दोन वाजता, हा एकच निर्णय या चौघांना एकदम हलवतो.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेळेची मापं. रोबोच्या सांध्याचं नियंत्रण मिलिसेकंदात चालतं. वीज बाजाराचा हिशेब पंधरा मिनिटांचा असतो. छपरावरच्या सोलर पॅनेलचा हिशेब पंचवीस वर्षांचा. एका मापावर घेतलेला निर्णय दुसऱ्या मापावर खर्च होऊन उभा राहतो, आणि तो कुणाच्याच विषयात बसत नाही म्हणून कुणी अभ्यासत नाही. एकेका विषयात मोठ्या संस्था पुढे आहेत आणि राहतील. विषयांच्या या सांध्यांवरचं काम मात्र ज्याला कारखान्यात रोज जाता येतं त्यालाच जमतं. नाशिकच्या संशोधकाने तिथेच उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

पण असं संशोधन करायला पुण्या-मुंबईला जायला नको का?

काही प्रयोगशाळा तिकडेच आहेत, हे खरं. महागडं उपकरण लागलं तर जावं, वापरावं आणि परत यावं. प्रश्न मात्र इथे भरपूर आहेत. एकलहऱ्याचं ६३० मेगावॉटचं औष्णिक केंद्र शहराला लागून आहे. वाहन उद्योग, त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने, स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपन्या, ओझरला विमानं बांधणारा एचएएलचा कारखाना, आणि तासाभराच्या अंतरात द्राक्ष, कांदा, टोमॅटोचा पट्टा. एका जिल्ह्यात इतक्या तऱ्हेची यंत्रं आणि इतक्या तऱ्हेची विजेची मागणी क्वचितच सापडेल.

वीज बाजार म्हणजे नेमकं काय? वीज तर महावितरण देतं.

तुमच्या मीटरपर्यंत महावितरण देतं. महावितरण ती आणतं कुठून, तर बहुतेक वीज वर्षानुवर्षांच्या करारांतून. उरलेली कमी-जास्त गरज वीज एक्स्चेंजवर भागते. २००३ च्या वीज कायद्याने ही वाट मोकळी केली आणि २००८ मध्ये भारतात पहिली दोन एक्स्चेंज सुरू झाली: इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि पॉवर एक्स्चेंज इंडिया. तिसरं, हिंदुस्थान पॉवर एक्स्चेंज, २०२२ मध्ये आलं.

डे-अहेड बाजारात उद्याच्या दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यासाठी विकणारे आणि घेणारे आपापले भाव आणि प्रमाण कळवतात. लासलगावच्या लिलावात प्रत्येक ट्रॅक्टरचा माल बघून त्याचा त्याचा भाव ठरतो. इथे उलट आहे. सगळ्या बोली एकत्र मांडून मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तो एक भाव काढतात, आणि त्या तुकड्यात तोच सगळ्यांना लागू होतो. विजेचं एक युनिट दुसऱ्यापेक्षा चांगलं किंवा वाईट नसतं, म्हणून हे चालतं. दोन भागांमधल्या वाहिन्या भरून गेल्या, तर मात्र त्या भागांचे भाव वेगळे होतात.

१ जून २०२० पासून रिअल-टाइम बाजारही आहे. दिवसातून ४८ वेळा, दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. ढग आले, पवनचक्क्यांचा वारा पडला, एखादा संच बंद पडला, तर शेवटच्या तासाभरात चूक सुधारायला ही जागा आहे. नियामक आयोगाने या दोन्ही बाजारांत युनिटला १० रुपयांची वरची मर्यादा घातलेली आहे.

इथे संशोधनाला काय आहे? दुपारी सौर वीज भरपूर असल्याने भाव उतरतो. सूर्य मावळला की मागणी तशीच राहते, सौर वीज जाते आणि भाव चढतो. या दोन भावांमधलं अंतर हीच बॅटरीची, पंपांच्या वेळापत्रकाची, शीतगृहाची आणि कारखान्यातल्या भट्टीची संधी आहे. दिंडोरीच्या एखाद्या शीतगृहाने दुपारी थोडं जास्त गार करून ठेवलं आणि संध्याकाळी कंप्रेसरला विश्रांती दिली, तर द्राक्षाला धक्का न लागता किती युनिट सरकवता येतील? या प्रश्नात उष्णतेचं गणित आहे, भावाचा अंदाज आहे आणि फळाचं शास्त्रही आहे. यावर एक चांगला प्रबंध सहज उभा राहतो.

भावांची माहिती विकत घ्यावी लागत नाही. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पंधरा-पंधरा मिनिटांचे भाव मिळतात आणि देशाच्या ग्रिडची मागणी व वारंवारता ग्रिड चालवणारी ग्रिड-इंडिया ही संस्था रोज प्रसिद्ध करते.

माझा छोटा कारखाना आहे. मला या बाजारातून वीज घेता येईल का?

एक्स्चेंजवरून थेट घ्यायची तर ओपन ॲक्सेस, म्हणजे महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याची वीज आणण्याची परवानगी, लागतो आणि त्यासाठी साधारणपणे १ मेगावॉटची मागणी हवी. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. पण वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त दरासाठी उद्योगांकडून घेतलेली रक्कम) आणि इतर आकार धरल्यावर एक्स्चेंजवरचा स्वस्त भाव तुमच्या दारात स्वस्त राहीलच असं नाही. हिशेब आकारांसकट करा.

बहुतेक छोट्या उद्योजकांसाठी खरा बाजार बिलावरच आहे: टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर. केंद्राच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे आणि उद्योग-व्यवसायांना गर्दीच्या तासांत किमान १.२ पट लावायचा आहे. महाराष्ट्राचा नेमका तक्ता राज्य आयोगाच्या चालू आदेशात बघा, तो बदलत असतो. मग कोणती मशीन कधी चालते ते लिहून काढा. उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएच वर, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेवर आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर (त्यातला कामी आलेला वाटा) घसरला तर तो थेट युनिटांतच दिसतो, हेही तपासा.

शाश्वत प्रणालींचा अभ्यास म्हणजे सोलर बसवणं का?

नाही. सोलर हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते सीमा ठरवणं. एका बोल्टचा कार्बन किती, असं विचारलं तर कुठून कुठपर्यंत मोजायचं? शेडमधली वीज मोजायची? तार बनवणाऱ्या पोलाद कारखान्याची भट्टीही धरायची? बोल्ट पोचवणारा ट्रक? याची शिस्त आयएसओ १४०४० या मानकात आहे आणि जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात ते हेच.

नाशिकच्या फास्टनरवाल्यांसाठी, म्हणजे नट-बोल्ट बनवणाऱ्यांसाठी, हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. युरोपीय संघाची कार्बन सीमा यंत्रणा, जिला सगळे सीबॅम म्हणतात आणि जी आयात मालाच्या उत्सर्जनावर पैसे लावते, १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती मागत होती. १ जानेवारी २०२६ पासून तिचा पैशांचा टप्पा सुरू झाला. नट-बोल्ट, स्क्रू तिच्या यादीत आहेत. एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. पोलादी मालासाठी सध्या थेट उत्सर्जन आणि कच्च्या मालातलं उत्सर्जन धरतात. शेडमध्ये वापरलेल्या विजेचं धरत नाहीत. म्हणजे छपरावर सोलर लावून बिल जरूर कमी होईल, पण सीबॅममधला बोल्टचा आकडा ठरतो तो वायर रॉड धमनभट्टीतून आला की भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीतून, यावर. तेव्हा युरोपला माल पाठवणाऱ्याने पहिला फोन तार पुरवणाऱ्याला करावा. इतक्या छोट्या कारखान्यांना स्वस्तात, खात्रीची आणि तपासता येण्यासारखी उत्सर्जन नोंद कशी ठेवता येईल, यावर मराठी मुलांनी काम करायला हवं. गरज दारात आहे.

आणि सोलरच्याही आधी, हवा. कॉम्प्रेस्ड हवेची गळती हा आपल्या शेडमधला सगळ्यात दुर्लक्षित खर्च आहे. देखभाल नसलेल्या ठिकाणी २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते. शिवाय कंप्रेसरचा दाब गरजेपेक्षा १ बार जास्त ठेवला तर साधारण ६-७ टक्के वीज जास्त लागते. रविवारी सगळं बंद असताना कंप्रेसर सुरू करून तो किती वेळा लोड घेतो ते बघा. ग्रिडच्या एका युनिटमागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गळतीचे युनिट त्याने गुणले की तुमच्या हाती एक खरा आकडा येतो.

रोबो आले तर कामगारांचं काय?

हा प्रश्न कामगार विचारतात तेव्हा त्यांना टोलवू नये. काही कामं जातात. वेल्डिंग, रंगकाम, जड जॉब उचलून ठेवणं ही कामं रोबोकडे चालली आहेत, आणि यातली बरीच माणसाच्या फुप्फुसाला आणि कमरेला घातक आहेत. ज्या कामात जॉब रोज बदलतो, फिक्स्चर रोज बदलतं, तिथे माणूसच हवा असतो, आणि नाशिकचे बहुतेक छोटे व्हेंडर नेमके असलेच आहेत.

म्हणून आपल्यासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे सेटिंगचा वेळ. नवीन जॉबसाठी रोबो शिकवायला पूर्ण शिफ्ट जात असेल, तर पन्नास नगांच्या ऑर्डरला तो परवडणार नाही. ऑपरेटरने हाताने धरून दाखवलं आणि रोबो शिकला, असं होऊ लागलं तर तोच ऑपरेटर रोबोचा उस्ताद होतो. माणसाशेजारी कुंपणाशिवाय काम करणाऱ्या कोबोटसाठी शरीराच्या कोणत्या भागाला किती बल आणि दाब चालेल, याच्या मर्यादा आयएसओ टीएस १५०६६ मध्ये २०१६ पासून आहेत. २०२५ मध्ये त्या आयएसओ १०२१८ च्या नव्या आवृत्तीत आल्या. ‘कोबोट सुरक्षितच असतो’ असं विक्रेत्याने सांगितलं तरी मान्य करू नका. त्याच्या हातात धारदार पत्रा दिला की धोक्याचं मूल्यमापन पुन्हा करावं लागतं.

द्राक्षबागेत रोबो चालेल का?

तोडणीसाठी एवढ्यात नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. खाण्याचं द्राक्ष देठाला धरून कापतात. मण्याला बोट लागलं की वरचा पांढरा मेणचट थर जातो आणि निर्यातीत भाव पडतो. घड पानांच्या आड असतो, दोन घड एकमेकांत अडकलेले असतात, काडी आणि देठ कॅमेऱ्याला सारखेच दिसतात, आणि मांडवाखाली ऊन-सावलीचे ठिपके असतात. पेठ-सुरगाण्याहून येणारी माणसं हे सगळं एका नजरेत ओळखून कात्री चालवतात. त्या कौशल्याची बरोबरी करणारा ग्रिपर आजच्या किमतीत बसत नाही.

फवारणी ही मात्र लगेच हात घालण्यासारखी गोष्ट आहे. ब्लोअर ओळीतून जाताना जिथे पानं नाहीत तिथेही औषध सोडतो. वेलीचा विस्तार अल्ट्रासोनिक सेन्सरने किंवा लिडारने (लेझरने अंतर मोजणारं उपकरण) मोजून नोझल उघड-बंद करणं, हे पदवीच्या मुलांनाही जमण्यासारखं आहे. औषध वाचतं, फवारणाऱ्याच्या नाकातोंडात कमी जातं, आणि युरोपला जाणाऱ्या मालात औषधाच्या उरलेल्या अंशाची चिंता घटते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेल उघडी असते आणि पुढच्या काही आठवड्यांत झपाट्याने भरते. याच काळात नोझल नियंत्रणाचा फायदा जास्तीत जास्त मोजता येतो. कॉलेजचं वेळापत्रक नेमकं याच्याशी जुळत नाही, म्हणून जूनमध्येच बागायतदाराशी बोलून ठेवा.

ओळीतून आपोआप चालणाऱ्या वाहनाला फक्त जीपीएसवर सोडू नका. मांडवाच्या तारा आणि दाट पानांखाली उपग्रहाचा संदेश बिघडतो. ओळींच्या खांबांचा लिडारने माग काढणं जास्त भरवशाचं आहे. आणि चिकणमातीतला उतार, ठिबकच्या नळ्या, मध्येच बसलेलं कुत्रं या गोष्टी सिम्युलेशनमध्ये नसतात. बागेतच जाऊन बघा.

कांदा चाळीत यातलं काही उपयोगी पडेल का?

हो. उन्हाळ कांदा साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत बरा टिकतो. चाळीच्या पोटात हे आकडे काय आहेत ते बहुतेकांना माहीत नसतं, कारण हात फक्त बाहेरच्या थरापर्यंत पोचतो. ढिगाच्या आत तापमान, आर्द्रता आणि सड सुरू झाल्यावर सुटणाऱ्या वायूंचे सेन्सर ठेवून लोराने, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओने, माहिती घरापर्यंत आणता येते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवाना लागत नाही. अडचण सेन्सर टिकण्याची आहे. धूळ, कांद्याची टरफलं आणि दमट हवा यांत स्वस्त वायू सेन्सर काही आठवड्यांत भरकटू लागतो. तो भरकटला हे ओळखायचं कसं, याचं उत्तर मिळालं तर ते चाळीपुरतं राहणार नाही.

कारखान्याचं नेटवर्क आणि ऑफिसचं इंटरनेट यात फरक काय?

ऑफिसात संदेश सरासरी लवकर पोचला की झालं. कारखान्यात तो ठरलेल्या क्षणाच्या आत पोचलाच पाहिजे. सर्वोच्च वेगापेक्षा सगळ्यात वाईट विलंब किती, हे तिथे महत्त्वाचं. थांबण्याचा हुकूम एक हजार वेळा वेळेत गेला आणि एकदा उशिरा, तर त्या एका वेळी कुणाचा तरी हात आत असू शकतो.

नाशिककरांना जवळचं उदाहरण कॅन बसचं आहे, म्हणजे गाडीतली उपकरणं एकमेकांशी ज्या तारेवर बोलतात तिचं. ती बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडली, त्याच बॉशने जिचा सातपूरचा कारखाना आपण अजून मायको म्हणतो. कॅनमध्ये दोन उपकरणं एकदम बोलू लागली तर कमी क्रमांकाचा, म्हणजे जास्त महत्त्वाचा, संदेश न अडखळता पुढे जातो आणि दुसरं उपकरण आपणहून थांबतं. कुठलाही संदेश नष्ट होत नाही. गाडीतल्या ब्रेकसाठी हे किती अचूक आहे, ते विचार करून बघा.

१९७९ मधला मॉडबस, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आजही आपल्या बहुतेक पॅनेलमध्ये आहे, कारण तो साधा आहे. प्रोफिनेट आणि इथरकॅट या इथरनेटवरच्या पद्धती वेगवान हालचालींसाठी आल्या. आता टीएसएन, म्हणजे वेळेचं बंधन पाळणारं इथरनेट, एकाच केबलवरून कॅमेऱ्याचं चित्र आणि रोबोचा हुकूम दोन्ही नेऊ पाहतं. कोणत्या संदेशाला कोणती वेळ द्यायची, हे गणित उपकरणं वाढतील तसं भयंकर अवघड होतं. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी इथे यावं.

माझ्याकडे पंचवीस वर्षं जुन्या मशीन आहेत. त्यांचं काय?

मशीनच्या आत हात घालू नका. मुख्य केबलवर सीटी (करंट मोजणारं कडं) लावा, आरएस-४८५ (माहिती पाठवणारी दोन तारांची जोडणी) असलेला एनर्जी मीटर जोडा, मॉडबसवर वाचा. नुसत्या करंटच्या आलेखावरून मशीन कापते आहे, रिकामी फिरते आहे की बंद आहे, हे स्पष्ट दिसतं.

नेटवर्क इंटरनेटला जोडणं सुरक्षित आहे का?

विचार न करता जोडलं तर नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने इराणमधल्या सेंट्रिफ्यूज बिघडवले. ते जाळं इंटरनेटपासून तुटलेलं होतं, तरी यूएसबीवाटे शिरकाव झाला. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. सुरुवात साध्या ईमेलपासून झाली होती आणि वीज परत आणायला माणसांना उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर लावावे लागले.

आपल्या शेडमध्ये करायच्या गोष्टी साध्या आहेत. मशीनचं आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवा. मशीन पुरवठादाराला दुरुस्तीसाठी दूरवरून प्रवेश द्यायचा तर कामापुरता द्या आणि मग बंद करा. मूळ पासवर्ड बदला. पीएलसीच्या प्रोग्रामची प्रत वेगळ्या जागी ठेवा. पुढचं वाचायचं असेल तर आयईसी ६२४४३ ही मानकांची मालिका आहे.

कारखानदार डेटा देत नाहीत. काय करू?

त्यांची भीती रास्त आहे: डेटावरून उत्पादन कळतं आणि उत्पादनावरून धंदा कळतो. आधी त्यांच्या कामाचं काहीतरी करून द्या. कंप्रेसरची गळती मोजून द्या, बिल वाचून कमाल मागणी कुठे ओलांडली ते दाखवा. मग दोन ओळींचा लेखी करार करा: नाव छापणार नाही, आकडे प्रमाणात बदलून वापरीन. हे झालं की दारं उघडतात.

सगळं एआयवर टाकलं तर?

भावाचा किंवा मागणीचा अंदाज करताना आधी सर्वांत साधा अंदाज करून बघा: उद्या दुपारी दोनचा भाव आजच्या दुपारी दोनइतकाच असेल. तुमचं मॉडेल याच्यापेक्षा किती बरं आहे, ते लिहा. हे न करता छापलेले पेपर फार आहेत. शिकवायचा आणि तपासायचा डेटा तारखेने वेगळा करा, सरमिसळ करू नका, नाहीतर मॉडेलला उद्याचं उत्तर आजच दिसतं.

कोणती सॉफ्टवेअर शिकू?

पायथन. विजेच्या जाळ्यांसाठी पँडापॉवर किंवा ओपनडीएसएस, रोबोसाठी आरओएस २ आणि गॅझेबो, नेटवर्कसाठी वायरशार्क, पीएलसीच्या सरावासाठी ओपनपीएलसी. सगळी फुकट आहेत.

पेपर आधी की पेटंट आधी?

पेटंट हवं असेल तर आधी अर्ज. प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडला, व्हिडिओ टाकला, की नावीन्य गेल्याचा आक्षेप येऊ शकतो. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. नुसता अल्गोरिदम भारतीय कायद्याच्या कलम ३(के) खाली पेटंटयोग्य नाही. आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्यांपासून लांब राहा. यूजीसीने आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमची आणि तुमच्या गाइडची आहे. निवडलेल्या नियतकालिकातले पाच लेख वाचा. एकातूनही काही शिकायला मिळालं नाही तर तिथे पाठवू नका.

खर्चाचं कसं जमतं?

गेट देऊन एम.टेक. केलं तर एआयसीटीईची महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती आहे. जेआरएफ (पीएच.डी. करणाऱ्यांची संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. या पैशांत नाशिकमध्ये राहता येतं, आणि घरून येऊन-जाऊन करणाऱ्याला थोडं पुस्तकांवरही खर्च करता येतं.

पस्तिशी उलटली, नोकरी चालू आहे. आता पीएच.डी. जमेल का?

जमते. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ई. शिवायही अर्ज करता येतो. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. ना-हरकत पत्र मागायला जाताना आपल्याच शॉपफ्लोअरवरचा एक मोजलेला प्रश्न सोबत न्या, आलेखासकट. साहेबांना तो पटला तर पत्राबरोबर मीटर लावायची परवानगीही त्याच भेटीत मागून घ्या.